कोणामार्फत?

रविवार, दुपारचे तीन

आदरणीय साडूभाऊंना,

चौकोनेचा सप्रेम नमस्कार. (दोन वर्षांनी हे नाव लिहितो आहे. तुम्ही ठेवलेलं, तुमच्याशिवाय कुणी वापरत नाही, त्यामुळे जवळजवळ नवंकोरं राहिलं आहे.) ताईंनाही नमस्कार सांगावा, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर सांगावा. मध्येच सांगितलात तर त्या ते तुमच्या हातातून काढून घेतील, आणि मग मी जे तुम्हाला लिहिलं आहे ते त्यांना लिहिल्यासारखं होईल. त्यांना लिहायचा धीर मला अजून होत नाही. का होत नाही ते पुढे येईलच.

तुमचा उजवा खांदा आता कसा आहे? तीस वर्षं फळ्यावर फुलदाण्या काढून तो धरला असं तुम्ही म्हणायचात, आणि ताई म्हणायच्या की तो कुशीवर पडून पेपर वाचण्याने धरला आहे. त्या वादाचा निकाल लागला असल्यास कळवावा. ताईंचे गुडघे कसे आहेत? जिना चढणं कमी केलं का? इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी. पूर्वी हे वाक्य लिहिताना 'सर्व' या शब्दात माणसं असायची, आता त्यात एक माणूस, दोन खुर्च्या आणि एक बंद पडलेला पंखा आहे. (पंखा क्षेम नाही, पण तो तक्रारही करत नाही.) दुसरी खुर्ची मी अजून पुसतो. तिच्यावर कुणी बसत नाही म्हणून तिच्यावर धूळ जास्त बसते.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, याने काहीतरी काम काढलेलं दिसतंय. काढलं आहे. ते शेवटी सांगतो, कारण सुरुवातीलाच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि पुढचं वाचल्याशिवाय तुम्ही 'हो' म्हणणार नाही. आत्ता एवढंच सांगतो की गोष्ट माझ्या डोळ्याची आहे, आणि त्याहून जास्त, तुम्ही आणि मी अजून एकमेकांचे कुणी लागतो की नाही, याची आहे. हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तो मला एका खिडकीतून विचारण्यात आला, माझ्या मागे रांगेत अकरा माणसं उभी असताना.

पण त्याआधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. ते तुम्हाला धड कधी कळलं नाही आणि त्यात दोष माझाही आहे, कारण तुम्ही ते नेमकं जेवताना विचारायचात आणि मी तोंडात घास असताना उत्तर द्यायचो. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा मी म्हटलं होतं की मी क्लास डायग्राम काढतो. तुम्ही शाळेत चित्रकलेचे मास्तर. क्लास म्हणजे वर्ग, तेव्हा वर्गाची आकृती, म्हणजे बाकं कुठे, फळा कुठे, खिडक्या किती, असा तुमचा समज झाला आणि वर्गात उजेड डाव्या बाजूनेच का यावा हे तुम्ही मला तासभर समजावून सांगितलंत. मी मान डोलावत राहिलो (नवा होतो, आणि ताई आग्रह करकरून वाढत होत्या). दुसऱ्या दिवशी खरा प्रकार कळल्यावर तुम्ही माझ्या बॅगेतला एक कागद मागून घेतलात, लांब धरून पाहिलात, जवळ धरून पाहिलात आणि विचारलंत, "यात चौकोन सोडून दुसरं काही आहे का?" नव्हतं. त्या दिवसापासून मी चौकोने झालो.

तर पुन्हा एकदा सांगतो, या वेळी तोंडात घास नाही. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात तसा सॉफ्टवेअर लिहायच्या आधी हा काढतात. (निदान काढायचे. हल्ली आमच्या ऑफिसातली मंडळी थेट लिहायलाच बसतात आणि सगळं उभं राहिल्यावर फाईलला लावायला म्हणून माझ्याकडे नकाशा मागतात.) समजा, 'मास्तर' नावाचा चौकोन काढला. त्याला तीन कप्पे. वरच्या कप्प्यात नाव. मधल्यात त्याच्यापाशी काय काय आहे: खांदा, चष्मा, खडू. खालच्यात तो काय काय करतो: फुलदाणी काढणे, टोमणे मारणे. जे चारचौघांना दिसावं त्यापुढे अधिकचं चिन्ह, जे ज्याचं त्याने आपल्यापाशी ठेवावं त्यापुढे वजाचं. (माझा चौकोन काढला तर त्यात सगळे वजाच निघतील, असं ही म्हणायची.) मग एका चौकोनापासून दुसऱ्यापर्यंत एक रेघ. त्या रेघेला आमच्याकडे नातं म्हणतात, मी म्हणत नाही, पुस्तकातच तसं आहे. आणि रेघेच्या टोकांना आकडे: याला ते कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. दिसायला एवढासा आकडा असतो, पण पुढे सगळं घोडं तिथेच अडतं.

आणखी एक चिन्ह राहिलं, ते नीट वाचा, कारण पुढची सगळी भानगड त्याची आहे. रेघेच्या टोकाला कधी कधी एक चौकट काढतात, पत्त्यांत असते तशी. ती पोकळ तरी असते नाहीतर भरीव. फरक असा की ताई जुना सदरा टाकून द्यायच्या आधी त्याची बटणं कापून डबीत ठेवतात. सदरा जातो, बटणं उरतात. ही पोकळ चौकट. खिसा मात्र सदऱ्याबरोबरच जातो, नुसता खिसा कुणी डबीत ठेवत नाही. ही भरीव चौकट. मोठं गेलं की त्याच्याबरोबर लहानही गेलं, विचारायचं कारण नाही. इतक्या वर्षांत हा फरक मी शेकडो लोकांना शिकवला आणि एकदाच चुकलो, आणि ती चूक तुमच्यामुळे झाली. तुम्हीच त्या कागदावर बोट ठेवून म्हणाला होतात की रिकामी आकृती अर्धवट दिसते, रंग भरत जा.

झालं असं की चार-साडेचार वर्षांपूर्वी ऑफिसने आकृत्या काढायचा नवा प्रोग्रॅम घेतला आणि हात बसावा म्हणून मी एका रविवारी घरीच एक आकृती काढली, आपल्या माणसांची. विषय शोधायला लांब कशाला जा, म्हटलं. 'मी' असा एक चौकोन, 'ताई', 'साडूभाऊ', समोरच्या शेजारीणबाई, दुकानदार, सगळे. हिच्या चौकोनात नाव काय लिहावं हे कळेना. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि चारचौघांत नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून मी तिथे 'ही' असंच लिहिलं. चित्र पूर्ण झाल्यावर पाहिलं तर माझ्या चौकोनातून एकच रेघ निघालेली, हिच्याकडे. बाकी सगळ्यांच्या रेघा हिच्यातून. शेजारीणबाई हिच्या, दुकानदार हिच्याशी बोलणारा, ताई हिच्या, आणि तुम्ही तर ताईंचे, म्हणजे माझ्यापासून तिसऱ्या घरात. हिने ते पाहिलं आणि विचारलं, "मी काय जंक्शन आहे का?" मग मी शोभा यावी म्हणून सगळ्या चौकटी काळ्याभोर रंगवून टाकल्या. छान दिसल्या. तुमची आठवण काढली होती त्या वेळी.

त्याच प्रोग्रॅममध्ये मी पहिलं खरं काम केलं ते एका मोठ्या इस्पितळाचं. रुग्ण, खाट, डॉक्टर, औषध, सगळे चौकोन. इस्पितळातर्फे माहिती द्यायला त्यांच्या मुख्य परिचारिका आल्या होत्या, सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. 'रुग्ण' आणि 'नातेवाईक' यांच्यामधली रेघ मी काढली आणि आकडा लिहिला: कमीत कमी एक. बाईंनी विचारलं की एखाद्याला कुणीच नसेल तर? मी हसलो. (ते हसणं मला आता आठवायला नको वाटतं.) मी त्यांना म्हटलं, असं कुणी नसतं हो, शोधलं की निघतं एखादं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी चहा पिताना हे हिला सांगितलं तर ही म्हणाली की शून्य ठेव, एखादा यायचा बिचारा एकटा, त्याला उगीच लाज वाटेल. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. आकडा एकच राहिला. सॉफ्टवेअर तयार झालं, इस्पितळाने ते लावलं, आणि माझं कौतुकही झालं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ही गेली ती इतकी झटकन गेली की इस्पितळात न्यायची वेळच आली नाही. तुम्ही दोघं आलात, नऊ दिवस राहिलात, आणि निघताना बसच्या पायरीवरून तुम्ही म्हणालात, "चौकोने, येत जा." मी 'हो' म्हटलं. त्यानंतर मी आलो नाही आणि तुम्ही बोलावलं नाहीत, आणि तुम्हाला वाटत असेल की याने हिच्याबरोबर आपल्यालाही गुंडाळून ठेवलं. तसं नाही. महिन्याभराने ताईंचा फोन आला होता. त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल. दोघी बहिणींचे आवाज समोरासमोर निराळे, ताईंचा जाड, हिचा बारीक, पण फोनमध्ये ते एकच व्हायचे. (मी पूर्वीही फसलो आहे. एकदा ऑफिसच्या दौऱ्याला निघताना ताईंचा फोन आला आणि मी माझे काळे मोजे कुठे ठेवलेस असं विचारलं. त्यांनी कपाटाच्या खालच्या खणात बघ असं सांगितलं, आणि मोजे तिथेच होते.) तर त्या दिवशी मी फोन उचलला आणि तिकडून हिच्या आवाजात "जेवलास का?" असं आलं. मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवून दिला. दुसरं काही सुचलंच नाही. ताईंनी पुन्हा केला नाही. मी उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो, आणि मग इतके दिवस का केला नाही याचं उत्तर जुळवण्यात आणखी दिवस गेले. मला फार वाईट वाटतं, साडूभाऊ. रोज संध्याकाळी सातला वाटतं, तो फोनही सातलाच आला होता.

आता डोळा. गेल्या काही महिन्यांत मला एकाच्या दोन रेघा दिसायला लागल्या. आधी वाटलं प्रोग्रॅम बिघडला. मी एक रेघ काढायचो, दोन दिसायच्या, म्हणून एक पुसायचो, तर दोन्ही जायच्या. आमची टीम लीडर माझ्या निम्म्या वयाची मुलगी आहे, मला काका म्हणते आणि चुका हळू आवाजात दाखवते. तिने एक दिवस विचारलं की काका, या सगळ्या चौकोनांची नाती अशी तुटलेली का आहेत. मी म्हटलं, दिवसच तसे आहेत. ती हसली नाही, तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आधी उजवा काढू, तासाभराचं काम आहे, दुपारी घरी. फक्त दाखल होण्याची नोंद खाली खिडकीवर करा. इस्पितळ तेच होतं.

खिडकीवर एक गृहस्थ होते, त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, फॉर्म त्यांनी हातभर अंतरावरून वाचला. एक कागदी फॉर्म आपण भरायचा आणि ते तो पाहून कॉम्प्युटरमध्ये उतरवणार. माझं नाव झालं, वय झालं, मग नातेवाईकाचं नाव. मी म्हटलं, ते सोडा. ते म्हणाले, सोडता येत नाही, लाल चांदणी आहे, भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी म्हटलं, उघडायला हवं. ते म्हणाले की ज्याने कुणी हे बनवलं आहे त्याला एकदा इथे रांगेत उभं करायला पाहिजे. मी उभाच होतो. मग मी तुमचं नाव सांगितलं. (तुम्हाला न विचारता, त्याबद्दल क्षमा असावी, पण मला दुसरं नाव आठवलंच नाही. आठवण्याचा प्रयत्न केला होता.) नाते? साडू. त्यांनी यादी उघडली: पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. साडू नव्हता. ही यादीही माझीच. त्यांनी 'इतर' दाबलं तर खाली आणखी एक रकाना उघडला, 'कोणामार्फत'. मीच तो त्या वेळी मोठ्या हौसेने घातला होता, म्हणजे लांबचं नातं असेल तर मधला दुवा कळावा.

"साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचे मिस्टर," ते गृहस्थ रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मिसेसचं नाव सांगा."

मी म्हटलं, ती नाही.

"नाही म्हणजे?"

"वारली. दोन वर्षं झाली."

त्यांनी हात कीबोर्डवरून काढून घेतले. माणूस वाईट नव्हता. थोडा विचार करून ते म्हणाले, "मग साहेब, आता साडू कोणामार्फत?"

मागून कुणीतरी खोकलं. मी उद्या येतो म्हणून बाहेर पडलो, आणि घरी येऊन दोन्ही खुर्च्या पुसल्या. त्या आठवड्यात मी आणखी दोनदा त्या रांगेत उभा राहिलो आणि दोन्ही वेळा माझा नंबर जवळ आल्यावर चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून निघून आलो (चप्पल धडधाकट आहे). तुम्हाला फोन लावायलाही तीनदा घेतला. तुम्ही उचलला असतात तर ठीक, पण तुमच्या घरी फोन नेहमी ताईच उचलतात.

मग वाटलं, कशाला कुणाला त्रास, चूक आपली आहे तर आपणच दुरुस्त करू, एकाचा शून्य करून टाकू. शनिवारी ऑफिसात कुणी नसताना जुनी फाईल उघडली. पहिल्या पानावर इस्पितळ. तिथे एकाचा शून्य केला, अर्ध्या मिनिटाचं काम. दुसऱ्या पानावर ते घरचं चित्र (इस्पितळाचं काम मी त्याच फाईलमध्ये पुढे घातलं होतं), मी विसरलोच होतो. सगळे होते. तुम्ही होतात, खालच्या कप्प्यात 'टोमणे मारणे' सकट. मध्ये 'ही'. मी बराच वेळ बघत बसलो. मग माझ्यातला कारागीर जागा झाला. आकृती खरी असली पाहिजे, जे नाही ते दाखवायचं नाही, हे मी जन्मभर लोकांना शिकवत आलो. मी 'ही'वर बाण नेला आणि काढून टाका म्हटलं. प्रोग्रॅमने विचारलं, याच्याशी जोडलेलं सगळं काढायचं का? 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं होती, मला चार दिसली, त्यातलं एक मी दाबलं. साडूभाऊ, सगळं गेलं. नुसत्या रेघा नाहीत, माणसंच गेली. ताई गेल्या, तुम्ही गेलात, शेजारीणबाई गेल्या, दुकानदार गेला. काळ्या चौकटी ना सगळ्या. प्रोग्रॅमची काही चूक नव्हती, मीच त्याला सांगून ठेवलं होतं की ही गेली की हे सगळे जातील. पांढऱ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात 'मी' एवढाच चौकोन उरला आणि त्याच्यातून निघालेली रेघसुद्धा नाही. पुस्तकात अशा चौकोनाबद्दल एकच सूचना आहे: कशाशीच नातं नसेल तर तो आकृतीत कशाला ठेवता, ते तपासा.

आमच्या धंद्यात एक सोय चांगली आहे, 'मागे घ्या' म्हणून बटण असतं. ते दाबलं. सगळे आले, ही पण आली. मी मग तिला हात लावला नाही. एकेका चौकटीतला काळा रंग मात्र काढला, अकरा चौकटी होत्या, एका डोळ्यावर हात धरून काढला म्हणजे एकच चौकट दिसायची. सगळ्या पोकळ केल्या. तुम्ही म्हणालात तशा त्या जराशा अर्धवट दिसतात, पण आता मधला चौकोन काढला तरी तुम्ही कागदावर राहता. रिकाम्या ऑफिसात बसून मी हे करत होतो आणि मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. नंतर आकडा बदललेली फाईल टीम लीडरला पाठवून दिली.

दुसरं पान काढायचं राहिलं. मंगळवारी इस्पितळाची मंडळी बैठकीला आली, टीम लीडरने फाईल भिंतीवर लावली, शून्याचं बोलणं सुरू झालं आणि कुणाचा तरी हात लागून पान उलटलं. भिंतभर आपण सगळे. इस्पितळाचे नवे व्यवस्थापक फार गंभीर गृहस्थ आहेत. त्यांनी ते लक्षपूर्वक वाचलं आणि विचारलं की हा साडूभाऊ विभाग कुठल्या मजल्यावर येणार, आणि टोमणे मारण्याची सोय रुग्णांसाठी आहे की कर्मचाऱ्यांसाठी. त्यांच्या शेजारच्या बाईंनी ते टिपून घेतलं. टीम लीडर माझ्याकडे बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर बोलल्या. त्याच होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी चित्राच्या मध्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, ती होती. त्यांनी मान हलवली, व्यवस्थापकांकडे वळून म्हणाल्या की शून्य करून टाका, मी चार वर्षं मागते आहे, आणि मंजूर झालं. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, शून्य तुम्हालाच लागतंय का? मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

तर असं आहे. वर मी काम आहे असं लिहिलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की कामच उरलेलं नाही. शून्य लागू झालं आहे. आता मी नातेवाईकाचा रकाना कोरा सोडून खुशाल दाखल होऊ शकतो, पुढचं पान उघडतं, मी स्वतः जाऊन पाहून आलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी मला ओळखलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचं काम झालं बघा, आता कुणाची गरज नाही." तेव्हा काळजी नसावी. खांद्याला शेक द्यावा. ताईंना नमस्कार आता सांगायला हरकत नाही.

आपला,
चौकोने

ता. क. ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. तुमच्या गावाची पहिली बस इथे साडेआठला पोहोचते, हे मी सहज चौकशी केली तेव्हा कळलं. येऊ नये. उगाच दगदग होईल, आणि बाहेरचे बाक लाकडी आहेत, तुमच्या खांद्याला बरे नाहीत.

पुन्हा ता. क. आलातच तर ताईंना आणावं. एका डोळ्यावर पट्टी असेल आणि दुसऱ्यात मोतीबिंदू, त्यामुळे त्या दिवशी मला कुणी दिसणार नाही, फक्त आवाज ऐकू येईल. त्यांनी जेवलास का असं विचारावं. या वेळी मी राँग नंबर म्हणणार नाही. खरं काय ते सांगेन, की नाही जेवलो.

शेवटचं ता. क. नवा फॉर्म समोर आहे. कोरा सोडायची मुभा मीच मिळवली आणि मलाच तो कोरा सोडवत नाही. नाव तुमचं लिहिलं आहे. नाते: इतर, साडू. 'कोणामार्फत' या रकान्यात मी बराच विचार करून 'थेट' असं लिहिलं आहे. पण ते पेन्सिलीने लिहिलं आहे. तुम्हाला मान्य नसेल तर खोडता येईल. माझ्याकडे खोडरबर नाही आणि हे काम टपालाने होण्यासारखं नाही. तुम्ही मास्तर, तुमच्या खिशात खोडरबर असेलच. गुरुवारी दहाच्या आत येऊन आपल्या हाताने खोडावं.